मागच्या पत्र्यावरची थाप

मित्रांनो, मला चाके आहेत पण इंजिन नाही. दार आहे, खिडक्या आहेत, पण कायमचा पत्ता नाही. मोटारीच्या मागे जोडून गावोगाव ओढत न्यायची जी खोली असते, ती मी. आता पुरती जुनी झाले आहे आणि एका घराच्या अंगणात भिंतीला लागून उभी असते. माझे अंग एकसारखे नाही, हे जवळ आलात तर तुमच्या लगेच लक्षात येईल. दोन्ही बाजू आणि पुढचा भाग गुळगुळीत, पांढरा, फायबरग्लासचा आहे. पाठ मात्र जुन्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आहे. येणारेजाणारे विचारतात, काम अर्धवट का सोडले? ते अर्धवट सोडलेले नाही. त्यामागे एक हकिकत आहे आणि ती घडली तशी मी सांगणार आहे. जिथे मला खात्री नाही, तिथे खात्री नाही असेच म्हणेन.

माझा सांगाडा लाकडाचा. त्यावर आतून प्लायवूड, बाहेरून पत्रा आणि मध्ये ऊब धरून ठेवणारा कापसासारखा भराव. पत्रा चढवणारी दोन माणसे होती. एक बाहेर हातोडी घेऊन, दुसरा आत लोखंडी ठोकळा धरून. मध्ये पत्रा असल्यामुळे त्यांना एकमेकांची तोंडे दिसत नसत. मग ती ठोकून बोलत. रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणारी खिळी, नीट बसला की आतला माणूस एकदा ठोके, म्हणजे थांब. बसला नसेल तर दोनदा, म्हणजे अजून येऊ दे. मी ऐकलेली पहिली भाषा ही.

मला घरी आणले ते एका चष्मे करणाऱ्या जोडप्याने. त्यातल्या नवऱ्याला सगळे चष्मेवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. चष्मेवाले काचा घासत, बाई डोळे तपासत. जिथे डोळ्यांचा दवाखाना नव्हता, अशा गावांच्या शाळांमध्ये आम्ही जात असू. नजर तपासायला अक्षरांचा तक्ता लांब असावा लागतो आणि मी काही तेवढी लांब नव्हते. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. तक्ता माझ्या मागच्या भिंतीवर, मुलांच्या पाठीमागे टांगला. त्यावरची अक्षरे उलटी काढली. मुलांच्या समोर, पुढच्या भिंतीवर आरसा लावला. मुले आरशात पाहत, तेव्हा अक्षरे सुलटी दिसत आणि दुप्पट अंतरावर असल्यासारखी वाटत. तक्त्याशेजारी छडी घेऊन उभ्या असलेल्या बाईही त्यांना आरशातच दिसत.

एकदा एक मुलगा तक्ता पाठ करून आला होता. बाईंनी गुपचूप तक्ता बदलला, तरी हा आपला जुनीच अक्षरे घडाघडा म्हणत राहिला.

"अरे राजा, डोळे उघड," बाई म्हणाल्या. "तोंड उघडलेलं आहेच."

चष्मा तयार झाला की बाई प्रत्येक मुलाला हात धरून बाहेर आणत आणि लांबचे झाड दाखवत. बहुतेक मुले काहीच बोलत नसत. एक मुलगी मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, झाडाला इतकी पानं असतात?" मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळांनी केले, पण मला त्यातले हेच आठवते, आणि हे तर झाडाचे कौतुक होते.

आता थापेबद्दल सांगते. शाळांची फाटके अरुंद असत, गल्ल्या त्याहून अरुंद. मला मागे घेणे हे फार नाजूक काम. चष्मेवाले पुढे गाडी उत्तम चालवत, पण मागे घेताना ते आरशात पाहतच नसत. खिडकीची काच खाली करायचे आणि कान बाहेर काढायचे. बाई माझ्या मागे उभ्या राहून माझ्या पाठीवर तळहाताने थाप मारायच्या. दोन थापा म्हणजे या, एक थाप म्हणजे थांबा. पत्रा खणखणीत वाजे. पुढे मोटारीत बसलेल्या माणसाला ती थाप इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू जाई.

"अहो, हे आरसे काय शोभेला लावलेत?" बाई ओरडायच्या.

"तू आहेस ना! आरसा काय बोलतो?" पुढून उत्तर यायचे.

थाप नेहमी एकाच जागी पडे. मागच्या खिडकीखाली, उजव्या हाताला. वर्षानुवर्षे तिथे तळहात पडून पडून पत्रा आत गेला आणि बशीएवढा खोलगट भाग तयार झाला. त्यात ऊन पडले की तो इतर पत्र्यापेक्षा जास्त चमकायचा.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मला अंगणात आणून लावले. मोटारीपासून सोडवले, चाकांखाली लाकडी ठोकळे घातले. छपराच्या सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून रबरी लेप भरलेला असतो. तो दरवर्षी तपासावा लागतो, भेगाळला असेल तर नव्याने भरावा लागतो. हे काम बाई करत. आता ते करायचे असते हेच कुणाच्या ध्यानात राहिले नाही. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. माझ्या मागच्या कोपऱ्यात पाणी झिरपू लागले. पत्रा वरून धडधाकट दिसत होता, आत लाकूड मऊ पडत होते.

एका संध्याकाळी चष्मेवाले आत आले. त्यांना काचा पुसायचे मऊ कापड हवे होते. ऊन नुकतेच माझ्या पाठीवरून उतरले होते. ते खण उघडत असतानाच मागच्या पत्र्यावर आवाज झाला. एकच. टक्.

त्यांचा हात खणाच्या मुठीवर तसाच राहिला. मग ते अगदी सहज म्हणाले, "थांबलो गं."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी येऊ लागले. एकदा वाजले तर असतील तिथे थांबत. कप ओठाशी असला तर तिथेच. दोनदा वाजले तर "आलो गं, आलो" म्हणत मागच्या भिंतीशी जात आणि तिला कान लावून उभे राहत. ऐकू काय येत होते, ते मला माहीत नाही. भिंत माझी असूनही माहीत नाही.

त्यांची मुलगी त्याच गावात राहायची. तिचा व्यवसाय हातांचा. अवघडलेल्या पाठी आणि कुरकुरणारे गुडघे ती दाबून, वळवून चालते करी. एका संध्याकाळी ती डबा घेऊन आली, तेव्हा चष्मेवाले माझ्या पायरीवर उभे होते. एक पाय खाली, एक उचललेला.

"बाबा, काय करताय?"

"थांबलोय."

"कशासाठी?"

"थांब म्हणाली."

"कोण म्हणाली?"

चुकीच्या नंबरचा चष्मा घालून आलेल्या माणसाकडे ते जसे पाहत, तसे त्यांनी मुलीकडे पाहिले. तिने त्यांच्या उचललेल्या पायाची पोटरी हाताने धरून पाहिली. ती थरथरत होती. किती वेळ ते असे उभे होते, कोण जाणे. तिने पाय हलकेच खाली टेकवला आणि त्यांना घरात नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली आणि माझ्याभोवती फिरली. मागच्या कोपऱ्यात तिने अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला. तिने वडिलांना हाक मारली.

"बाबा, हिचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालंय. पुढच्या पावसात मागची भिंत खाली बसेल. आपण हिला दुरुस्त करून घेऊ. आणि मग दोघं निघू. पूर्वीसारखं, गावोगाव. तुम्ही चष्मे करा, मी मागे उभी राहते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"थाप मारायला पदवी लागते का?"

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी मी ते हसू ऐकले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पत्राच लावायचा. ॲल्युमिनियम."

"नाही, फायबरग्लास. सांधे कमी, म्हणजे गळती कमी. पोचे पडत नाहीत. आणि..." ती घुटमळली. "आणि ते वाजत नाही."

"म्हणून तर पत्रा," चष्मेवाले म्हणाले.

मित्रांनो, प्रश्न एवढाच होता. मी वाजले, तर मुलीच्या हातून वडील निसटत होते. वाजले नाही, तर त्यांच्या हातून बाई पुन्हा एकदा जाणार होत्या.

वाद न मिटताच मला पत्रेवाल्याकडे नेले; त्याची कार्यशाळा एका अरुंद गल्लीच्या टोकाला होती. पत्रेवाला धिप्पाड, बोलका आणि आपल्या कामाचा भारी अभिमान असलेला माणूस होता. भिंतीला नमुन्याचे तुकडे टेकवून ठेवले होते, पत्र्याचे वेगळे, फायबरग्लासचे वेगळे. चष्मेवाल्यांनी ते पाहिलेही नाहीत. एकेकावर बोटाच्या पेराने टिचकी मारत आणि कान देत ते पुढे गेले.

"काका, कलिंगड निवडताय का?" पत्रेवाला हसला. "पिकलेलं सांगा, कापून देतो!"

मग त्याने समजावून सांगितले. पत्र्याला मार लागला की पोचा पडतो, पण तेवढा तुकडा बदलता येतो. जिथे लोखंडी स्क्रू लागतो तिथे पत्र्याला पांढरी भुकटी धरते. फायबरग्लास पाठीमागच्या फळीला चिकटवलेला असतो, म्हणून तो गप्प राहतो. मात्र त्याच्या मागे पाणी शिरले तर तो फोडासारखा फुगतो आणि मग काही खरे नाही.

"म्हणजे एक बोलतो आणि एक मनात ठेवतो," चष्मेवाले म्हणाले.

"आता तसंच म्हणा. माझ्यासारखा आणि माझ्या भावासारखा."

"पण आमचा हा मागचा पत्रा संध्याकाळी वाजतो. तो का?" मुलीने विचारले.

पत्रेवाल्याने लांबूनच नजर टाकली. "रिव्हेट ढिला असणार. मी बघतो." आणि तो रंगांचे नमुने आणायला आत गेला.

मुलीला ते पटले नसावे. तिने एकेक रिव्हेट नखाने हलवून पाहिला. सगळे घट्ट होते. मग तिने माझ्या पाठीवरून तळहात फिरवायला सुरुवात केली, एखाद्या दुखऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. खिडकीखालच्या खोलगट भागावर हात आला आणि थांबला. तिने दाबले. पत्रा आत गेला. टक्. तिने हात उचलला. पत्रा बाहेर आला. टक्.

"बाबा, इकडे या."

तिने पुन्हा करून दाखवले. "आईने इतक्या वर्षांत थापा मारून मारून पत्रा इथे ताणलाय. तो ढिला पडलाय, पोट सुटल्यासारखा. उन्हात फुगतो, ऊन उतरलं की गार होऊन आत बसतो. तेव्हा वाजतो. कधी एका झटक्यात बसतो, कधी दोन झटक्यांत."

चष्मेवाल्यांनी त्या खोलग्यात आपला तळहात ठेवला. त्यांचा हात मोठा होता, मावला नाही. मुलीने ठेवला. बरोबर बसला.

"म्हणजे ती नाहीच," ते म्हणाले.

"तिचाच हात आहे, बाबा. तिने मारलेली थापच वाजतेय. फक्त उशिरा पोचतेय."

पत्रेवाला नमुने घेऊन परतला.

"काय ठरलं मग?"

"दोन्ही बाजू आणि पुढचा भाग फायबरग्लास," मुलगी म्हणाली. "मागे हाच पत्रा."

"हाच? अहो ताई, नवा लावतो की. पोचा आहे त्याला."

"नको. हाच काढून, लाकूड बदलून, परत लावा."

"दोन वेगळ्या जाती शेजारी आल्या की उन्हात वेगवेगळ्या ताणतात. सांधा दर वर्षी बघावा लागेल."

"बघू."

"पण का, ते तरी कळू दे."

मुलीने वडिलांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. "असंच," ती म्हणाली. "बाबांची इच्छा."

दोघे निघून गेली. माझे जुने कातडे उतरले, कुजलेले लाकूड निघाले, कोरडे, वासाचे नवे लाकूड आले. पत्रेवाल्याने काम मन लावून केले, यात शंका नाही. शेवटी मागचा पत्रा उरला. त्याने तो सपाट फळीवर ठेवला, त्या खोलग्याकडे पाहिले आणि जिभेने चक् केले. असा पत्रा आपल्या दारातून बाहेर जाणे त्याला पटेना. म्हाताऱ्या माणसाने जुन्यावर जीव लावला आहे, तर निदान ते जुने देखणे करून देऊ, असे तो स्वतःशीच म्हणाला. त्याने लाकडी हातोडी घेतली. कडेकडेने, हलक्या हाताने, गोल गोल फिरत त्याने पत्र्याचा सगळा ताण जागेवर आणला. मग तो घासला आणि माझ्या पाठीवर चढवला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. मला फक्त वाजता येते, आणि तेच तो काढून घेत होता.

बापलेक मला न्यायला आली, तेव्हा तो दारातच उभा होता.

"या काका! बघा, आरसा केलाय आरसा! भांग पाडून घ्या."

चष्मेवाले मागे आले. खिडकीखाली हात ठेवला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. जागा सापडेना.

"छान झालंय," ते म्हणाले.

मुलीने पुढे होऊन पाहिले. "दादा, इथला पोचा?"

"काढला की! बोनस म्हणा." आणि मग दोघांच्या तोंडांकडे पाहून त्याचे हसू ओसरले. "काय झालं? काढायचा नव्हता?"

तिने त्याला सांगितले. आधी सांगायला हवे होते ते सगळे, आता. तो ऐकत राहिला. त्याची ती हातोडी हातातच होती, ती त्याने मागे लपवली.

"मला कुणी बोललंच नाही हो, ताई," तो म्हणाला. आणि ते खरे होते.

गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. मला मागेच घ्यावे लागणार होते. चष्मेवाले मोटारीत बसले, इंजिन सुरू केले, काच खाली केली आणि कान बाहेर काढून बसून राहिले. मोटार जागची हलेना. मागून काहीच येत नव्हते.

मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. खिडकीखाली, उजव्या हाताला, सपाट पत्र्यावर तिने तळहात उगारला. क्षणभर तो हवेतच राहिला. मग दोन थापा पडल्या. खण, खण.

"आलो गं," पुढून उत्तर आले, आणि मी मागे सरकले.

त्यानंतर आम्ही खरोखरच निघालो. मुलीला मिळेल तशी सुट्टी घेऊन ती बरोबर येते. तक्ता आणि आरसा पूर्वीच्याच जागी आहेत. चष्मेवाले आता वेळेवर जेवतात, मुलांशी थट्टा करतात. संध्याकाळी माझ्या पायरीवर बसतात, पण आता पाय उचलून थांबत नाहीत. पत्रेवाला दर वर्षी न बोलावता येतो, पत्रा आणि फायबरग्लास यांच्यातला सांधा बोटाने तपासतो, लेप भरतो आणि चहासुद्धा न घेता जातो. सगळे ठीक आहे, असेच कोणीही म्हणेल.

वाट पाहते ती मी. ऊन पाठीवरून उतरते, पत्रा गार होतो आणि गप्प राहतो. रोज तेवढा वेळ मी कान देऊन असते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मुलगी आत एकटीच होती. चष्मेवाले अंगणात मोटारीची काच पुसत होते, खिडकीतून ते स्पष्ट दिसत होते. ती आरसा पुसत होती. आरशात तिच्या मागची भिंत दिसत होती, तक्ता दिसत होता, तक्त्याशेजारची मोकळी जागा दिसत होती. तेव्हा आवाज झाला. दोनदा.

मित्रांनो, माझा प्रत्येक रिव्हेट मला ओळखता येतो. नव्या लाकडाची कुरकुर मला माहीत आहे. मागचा पत्रा हलला नव्हता. आवाज डाव्या बाजूच्या भिंतीतून आला होता. ती फायबरग्लासची आहे, फळीला चिकटवलेली आहे आणि वाजत नाही. तो आवाज कशाचा होता, हे मला सांगता येत नाही. मी तो केला नाही, इतकेच मला सांगता येते.

मुलीचा हात आरशावर थांबला. ती मागे वळली नाही. आरशातच पाहत राहिली, तक्त्याशेजारच्या त्या जागेकडे. मग हळू आवाजात, बाहेर वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती म्हणाली, "आले गं, आई."

वडिलांना तिने हे सांगितलेले नाही. पण आता ऊन उतरायच्या वेळेला तीही आत येऊन बसते.

तर मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिचे सांधे दर वर्षी पाहत जा. वरून धडधाकट दिसते म्हणून सोडून देऊ नका. आणि तिला दुरुस्तीला दिलीत, तर काय दुरुस्त करायचे एवढेच सांगून निघून येऊ नका. काय दुरुस्त करायचे नाही, तेही सांगा. लाज वाटली तरी सांगा. कारागिराचा हात चांगला असतो, पण त्या जागी पूर्वी कुणाचा हात होता, हे त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार?